एक्केचाळीस दिवसांचं पाणी

माझ्या बायकोच्या पासपोर्टवर चुकीचा शिक्का बसला तेव्हा मला आधी बरं वाटलं. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको. चौऱ्याण्णव दिवस मैथिली सोलापूरला माहेरी होती. आईचं पडणं, खुब्याचं हाड, हॉस्पिटल, सगळं तिनं धाकट्या भावाला हाताशी धरून निभावलं आणि त्यात तिला माझी एकदाही गरज लागली नव्हती. आता लागणार होती. चुकलेले शिक्के दुरुस्त करून देणं हाच माझा व्यवसाय आहे.

विमानतळावर ती बाहेर आली ती पासपोर्ट उघडा धरूनच.

"शैलेश, हे बघ. मला व्हिजिटर करून टाकलंय."

मी बघितलं. कायम रहिवाशांना निळा गोल शिक्का मिळतो. तिच्या पानावर चौकोनी होता, खाली मुदतीची तारीख, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं कारण: 'निवेदन व केस जुळत नाहीत.'

"होतं असं," मी म्हणालो. "आठवड्याला पाच-सहा जण येतात माझ्याकडे. चार दिवसांचं काम."

ती एवढी दमलेली होती की तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तीन महिन्यांनी. मला त्या शिक्क्याचे आभार मानावेसे वाटले.

ज्या देशात आम्ही सतरा वर्षं राहतोय त्याचं नाव इथे देत नाही. माझा परवाना अजून त्यांच्याच हातात आहे. पण तिथल्या विमानतळावरच्या यंत्राबद्दल सांगायला हवं. डोक्याहून जरा उंच असलेल्या कमानीतून प्रकाशाचे बारीक किरण दात्यांसारखे खाली येतात आणि तुमच्या केसांतून फिरतात. इथली मराठी मंडळी त्याला फणी म्हणतात. अधिकृत नाव लांबलचक आहे आणि कुणाच्या लक्षात राहत नाही.

फणी पाणी वाचते. पाणी सगळीकडे सारखं नसतं. त्याच्या काही रेणूंत नेहमीपेक्षा जड हायड्रोजन असतो, काहींत जड ऑक्सिजन. समुद्रावरून आलेला ढग हे जड पाणी आधी सांडून टाकतो, त्यामुळे किनाऱ्यावरचा पाऊस जड आणि घाट ओलांडून आत जावं तसतसा हलका. सोलापूरची गोष्ट आणखी निराळी. तिथलं पाणी महिनोन्‌महिने धरणात तापत पडलेलं असतं. त्यातलं हलकं पाणी वाफ होऊन आधी उडतं, मागे जड उरतं, पण हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा आपसातला मेळ बिघडतो. त्यामुळे त्याची कोकणच्या पाण्याशी कधीही गल्लत होत नाही. माझ्यासारखा माणूस आलेख बघूनच सांगतो, हे तापलेलं पाणी.

तुम्ही जे पाणी पिता त्यातूनच तुमचा केस घडतो, आणि केस दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. म्हणजे सेंटिमीटरभर केसात महिन्याचं पाणी. पूर्वी हे बघायला केस कापून, जाळून, त्याचा वायू करून मोजावा लागे. फणीचे किरण ते काम दोन सेकंदांत करतात, एकही केस न तोडता, दिवसागणिक.

कायम रहिवाशांवर हे लादलं गेलं कारण आमच्यातले बरेच जण खोटं बोलत होते. दर पाच वर्षांत मिळून इतके दिवस देशात राहायला हवं, असा नियम. लोक शेजारच्या देशातून गाडीनं यायचे-जायचे आणि कागदावर भलतंच लिहायचे. आता तुम्ही कुठे होता ते लिहून द्यायचं, फणी ताडून बघते, आणि जुळलं नाही तर कुणी काही विचारत नाही, सरळ चौकोनी शिक्का बसतो. तीस दिवसांत दुरुस्ती करून घ्यायची. नाही घेतली तर तुम्हाला तो मान्य आहे असं धरलं जातं आणि रहिवास संपतो. या तीस दिवसांत नोकरी करायची नाही. आणि देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत येताना रहिवासी म्हणून येता येत नाही.

चुका होतातच. एक गृहस्थ वडिलांचे दिवस करून चकोट डोक्यानं परत आले. फणीला वाचायला काही मिळालंच नाही, आणि शिक्का बसला. त्यांच्या भुवयांवर मी ते काम भागवलं होतं.

मैथिलीचा केस मी शिक्क्यानंतर सहाव्या दिवशी वाचला. नात्यातल्या माणसाचं काम करायला बंदी नाही, नातं तेवढं अर्जात लिहावं लागतं. मी निवांत, शीळ घालत वाचायला बसलो होतो. पहिले बावीस दिवस सोलापूर, स्वच्छ. शेवटचे एकतीस दिवस सोलापूर. मध्ये एक्केचाळीस दिवस आलेखाची रेघ एकदम उचललेली. मी दोनदा ताडून बघितलं. कोकण. नकाशावर यंत्रानं रंगवलेला पट्टा दाभोळपासून जयगडपर्यंतचा होता आणि त्याच्या बरोबर मधोमध गुहागर.

गुहागरला निनाद साळवी राहतो.

निनाद दापोलीच्या शेतकी कॉलेजात मैथिलीच्या वर्गात होता. त्याची नारळाची वाडी आहे. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला त्याचा फोन येतो आणि तो आठ मिनिटं चालतो. घड्याळ लावून मी कधी बघितलेलं नाही, पण आठ मिनिटं. त्या फोनवर ती ज्या तऱ्हेनं हसते तसं माझ्या विनोदाला कधी हसलेली नाही, आणि मी विनोद पुष्कळ करतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, तुमचं काही होतं का. "त्यानं विचारलं होतं, मी नाही म्हणाले," इतकं बोलून ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. नाही का म्हणालीस, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. सतरा वर्षं तो प्रश्न माझ्या घशात आहे.

एक्केचाळीस दिवस. आई अंथरुणाला खिळलेली असताना. रोज संध्याकाळी मला फोन करायची, "आज आईनं दोन घास जास्त खाल्ले" असं सांगायची, ते कुठे बसून सांगत होती?

मी अहवाल छापला आणि ड्रॉवरमध्ये खाली घातला.

त्या संध्याकाळी तिनं सोलापूरहून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली होती. एरवी ती काचगृहात कामाला असते, टोमॅटो आणि मिरच्यांची पंधरा हजार रोपं तिच्या हाताखाली असतात, आणि आठाच्या आत घरी येत नाही. आता शिक्क्यामुळे घरी होती. मी भाकरी मोडत म्हणालो, "गुहागरला हल्ली फार गर्दी असते म्हणे."

"असेल," ती म्हणाली. "मला काय माहीत."

मान वर न करता, इतक्या सहज. कसं जमतं हिला, मी मनात म्हणालो. आतून जळत होतो आणि वर चटणी मागून घेत होतो.

"केसाचं काय झालं?" तिनं विचारलं.

"यंत्राला रांग आहे."

हे पहिलं खोटं. दुसरं दहाव्या दिवशी: नमुना नीट आला नाही, पुन्हा केस लागेल. तिनं बापडीनं डोकं पुढे केलं आणि मी एक केस उपटला, पाकिटात घातला, त्यावर तारीख लिहिली. पाकीट ऑफिसात नेऊन टाकून दिलं. तिनं कबूल केलं की अर्ज करायचा, असं मी ठरवलं होतं. ती कबूल करत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला घाईही नव्हती. चौकोनी शिक्का होता तोवर ती कुठेही जाऊ शकत नव्हती. रोज दार उघडल्यावर ती घरात असायची. सतरा वर्षांत असं सुख मला मिळालं नव्हतं, आणि ते मी भोगलं. लाज वाटते म्हणून ते झालं नाही असं होत नाही.

पंधराव्या दिवशी तिच्या भावाचा, अभयचा फोन आला. आईच्या खुब्यातला स्क्रू सरकला होता. दुसरं ऑपरेशन करावं लागणार होतं, एकविसाव्या दिवशी. वय अठ्ठ्याहत्तर, हृदय नाजूक. आई ऑपरेशनला तयार होती, पण म्हणत होती, मैथिली आली की न्या मला आत.

मैथिली माझ्यासमोर येऊन बसली.

"तू चार दिवस म्हणाला होतास."

"तुझी केस किचकट आहे."

"काय किचकट आहे? मी सोलापुरात होते. घरातून हॉस्पिटलात आणि हॉस्पिटलातून घरात. केसात दुसरं काय असणार?"

"तूच सांग," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच कळलं नव्हतं, हे आज मला स्पष्ट दिसतं. तेव्हा मला ती फक्त सराईत वाटली.

"मी तशीच जाऊ का?" ती म्हणाली. "जाऊ दे रहिवास."

"मग काचगृह गेलं. घर गेलं. मला भेटायलासुद्धा व्हिसा काढून यावं लागेल. वेड्यासारखं करू नकोस. होईल काम."

ती गेली नाही. माझ्यावर विश्वास ठेवून थांबली.

एकविसाव्या दिवशी दुपारी ती दुकानात गेली असताना अभयचा फोन आला. ती मोबाईल घरीच विसरली होती.

"दाजी, ताईला सांगा, झालं ऑपरेशन. आईला शुद्ध आलीय. ताईचं नाव घेतलं पहिलं."

"तू एकटाच आहेस तिथे?"

"नाही ओ, निनादभाऊ हैत की. गुहागरहून आलेत परवा. रात्रंदिवस बसूनच हैत बघा. आईचा हात धरून तेच गेले आतपर्यंत, ताई नाही म्हणून."

अभय बोलतच होता.

"लई भला माणूस ओ. ताईच्या नेमाच्या वेळी पण त्यांनीच शहाळी पुरवली. एक्केचाळीस दिवस ताईनं पाण्याचा घोट घेतला नाही, नुसत्या शहाळ्यावर होती. इथं तर शहाळीच मिळंना झालती, तिकडं दक्षिणेत रोग पडलाय ना झाडांवर. मग निनादभाऊ पाठवायचे वाडीतली, एसटीच्या पार्सलनं. तिसऱ्या दिवशी पोतं हजर. तुम्हाला माहीत नाही का ओ?"

"नाही," मी म्हणालो.

"नवसाचं बोलत नाहीत ना, आई चालंपर्यंत. म्हणून सांगितलं नसंल."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो. ती गुहागरला गेलीच नव्हती. गुहागर पोत्यात भरून सोलापूरला आलं होतं, आणि फणीला नळाचं पाणी आणि माणूस एकाच ठिकाणी असतात एवढंच शिकवलेलं. आईसाठी महिना-दीड महिना पाणी सोडणारी बाई ज्यांनी यंत्र बांधलं त्यांच्या डोक्यात आली नव्हती. माझ्या डोक्यात यायला हवी होती. मी बार्शीचा. माझी स्वतःची आत्या चातुर्मासात काय काय सोडायची ते बघत मोठा झालोय.

क्षणभर हायसं वाटलं. मग जे वाटलं ते आधीपेक्षा वाईट होतं. ती त्याला भेटायला गेली असती तर भांडता आलं असतं. इथे एक्केचाळीस दिवस ती त्याच्या झाडांचं पाणी प्यायली होती, तेवढ्यावर जगली होती, आणि ते तिच्या केसात मुरलं होतं. शिवाय आत्ता तिच्या आईच्या उशाशी तो होता, कारण मी तिला इथे अडकवून ठेवलं होतं. त्या खुर्चीत त्याला मीच नेऊन बसवलं होतं.

मैथिली आल्यावर मी आईची खुशाली सांगितली. ती तिथेच दारात बसून रडली. मग मी विचारलं, "नेम केला होतास?"

"अभय बोलला वाटतं." तिनं डोळे पुसले. "तुला सांगितलं असतं तर हसला असतास."

हसलो असतो. दोन-चार विनोदही केले असते.

"शहाळी गुहागरची होती, हे तरी सांगायचं."

"शहाळ्यानं काय होतं?" ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. "त्यामुळे शिक्का?"

"त्यामुळे."

"मग आता सोपं झालं ना?"

"सोपं झालं," मी म्हणालो. सहाव्या दिवसापासून ते सोपं होतं, हे मात्र सांगितलं नाही.

अर्जासाठी दोन गोष्टी हव्या होत्या: शहाळी पाठवणाऱ्याचं निवेदन आणि त्याच वाडीतल्या शहाळ्याच्या पाण्याची तपासणी. म्हणजे मला निनाद साळवीला फोन करणं भाग होतं. सतरा वर्षांत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. फोन समोर ठेवून मी दोन कप चहा प्यायलो.

"अहो शैलेशराव, बोला बोला," तो म्हणाला, जणू कालच भेटलो होतो. मी काम सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"निवेदन आज लिहून देतो. पार्सलच्या पावत्या आहेत सगळ्या, वाडीवरच्या गड्याला पाठवायला सांगतो. पाणी कुठल्या झाडांचं हवं? घराच्या मागच्या अकरा माडांची शहाळी पाठवत होतो मी. इतर माडांच्या पाण्याला तितकी गोडी नाही."

निवडून पाठवत होता. मला ते ऐकायचं नव्हतं.

"त्याच झाडांचं चालेल," मी म्हणालो. "तपासणी पुण्यात होईल. तुम्हाला त्रास."

"त्रास कसला. तिची सुटका होऊ दे लवकर. आई फार आठवण काढतात. पण इतके दिवस का लागले हो? तुम्ही तर यातले जाणकार. मैथिली नेहमी सांगते, शैलेशला केस दाखवला की तो माणसाचं सगळं वर्ष सांगतो. फार कौतुक आहे तिला."

तर त्या आठ मिनिटांत हेही असायचं. मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला.

सगळं पाच दिवसांत हातात आलं. अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही दुरुस्तीच्या खिडकीशी उभे होतो. खिडकीतली बाई पन्नाशीची, चष्मा नाकावर, कागद सावकाश वाचणारी. नकाशा, पावत्या, पुण्याचा अहवाल, निनादचं निवेदन. वाडीचं पाणी आणि मैथिलीच्या केसातली रेघ एकमेकांवर ठेवल्यावर कुठेही फट राहिली नाही.

"शहाळ्याचं पाणी," ती बाई म्हणाली. "बारा वर्षांत पहिल्यांदा बघतेय." मग तिनं पान मागे उलटलं. "केसाचं वाचन सहाव्या दिवशी झालंय. वाडीचा नमुना मागवलाय बाविसाव्या दिवशी. मधले सोळा दिवस कशात गेले? उशिराचं कारण मला लिहावं लागतं."

माझ्याकडे उत्तरं तयार होती. एक सोडून तीन. यंत्र बंद होतं, भारतातून प्रतिसाद आला नाही, माझी तब्येत. यांतलं कुठलंही तिनं लिहून घेतलं असतं. पण मैथिलीनं मान वळवली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. रांग, दुसरा केस, किचकट केस, हे सगळं तिच्या चेहऱ्यावर एकेक करून जागेवर बसताना मला दिसलं.

"मी थांबवलं होतं," मी म्हणालो. "मला वाटलं ती तिथे गेली होती. एका माणसाकडे."

खिडकीतल्या बाईनं चष्म्यावरून आमच्या दोघांकडे बघितलं. "प्रतिनिधीकडून विलंब, असं लिहिते," ती म्हणाली. "तुमच्या परवान्याच्या फाइलला लागेल हे."

"लिहा."

चौकोनी शिक्क्यावर दोन रेघा मारून तिनं सही केली, शेजारी निळा गोल शिक्का उमटवला आणि पासपोर्ट मैथिलीच्या हातात दिला. माझ्या हातात नाही.

आम्ही गाडीपाशी आलो. मी दार उघडलं, ती बसली नाही.

"आई मला बोलवत होती," ती म्हणाली. "मी इथे भाजी चिरत बसले होते, तुझं यंत्र मोकळं होईल म्हणून."

"मैथिली, मी—"

"ती गेली असती तर तू मला सांगितलं असतंस? की तेव्हाही रांग असती?"

तिनं पासपोर्ट पिशवीत ठेवला, चेन ओढली.

"बुधवारचं तिकीट काढ. परतीचं नको. कायम रहिवाशाला वर्षभर बाहेर राहता येतं, तूच सगळ्यांना सांगतोस."

"परत येशील ना?"

"शिक्का बरोबर आहे आता. केव्हाही येता येईल." ती गाडीत बसली आणि पट्टा लावला. "आणि आई चालायला लागली की या वेळी मी गुहागरला जाणार आहे. निनादचे आभार मानायला. किती दिवस, ते माहीत नाही. पण येताना फॉर्मवर गुहागर लिहीन, दिवसांसकट. माझा केस तुला वाचावा लागणार नाही."

घरी आल्यावर मी तिकीट काढायला बसलो. परतीच्या तारखेचा रकाना मोकळा सोडला. तिनं मागून येऊन तो नीट मोकळा आहे ना हे एकदा बघितलं, आणि सामान भरायला आत गेली.